तांदळातलं नाव

वर्षश्राद्धाची पानं उठली आणि मार्तंड भावोजींनी हात धुवायच्या आधीच विषय काढला. बोटांना अजून काळ्या वाटाण्याचं सांबारं लागलेलं. तीच बोटं हवेत नाचवत ते म्हणाले, "मग सिद्धेशा, कागद आणलंस मां?"

रत्नप्रभा उरलेल्या वड्यांची परात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थबकली. ज्याच्या नावानं हे वडे तळले, त्याला वर ढेकर यायच्या आत इथे खाली सौदा सुरू! तिनं भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. चंद्रप्रकाश चंदनाच्या हारातून हसत होता. हसायला काय जातंय? स्वतः एका झटक्यात सुटला, आणि मागे ठेवलं काय, तर दोन देशांत दोन घरं आणि दोन बायका.

खरं तर बायको एकच होती, आणि ती परात धरून दारात उभी होती. पण हे कागदांना कोण सांगणार?

चंद्रप्रकाशनं सगळी उमर बहारीनला जहाजदुरुस्तीच्या गोदीत काढली. हेल्परचा फोरमन झाला, फोरमनचा सुपरवायझर, आणि शेवटी तिथेच समुद्राजवळ दोन खोल्यांचं घर घेतलं, स्वतःच्या आणि बायकोच्या नावावर. बायकोचं नाव लिहिलं शेवंती. कारण बहारीनला ती एकदाच जाऊन आली होती, आणि तेव्हाचा पासपोर्ट शाळेच्या दाखल्यावरून निघालेला. दाखल्यावर माहेरचं नाव. इथे बोरीवलीत, बाभईच्या या सोसायटीत मात्र जागा घेतली ती रत्नप्रभाच्या नावावर. कारण रेशन कार्डावर सासरचं नाव. माणूस गेला तोवर कुणाच्या डोक्यातही आलं नाही की आपण एका बाईला फाडून समुद्राच्या दोन काठांना ठेवलंय. बहारीनचं ऑफिस म्हणतं, शेवंतीला हजर करा, नाहीतर घराला सील ठोकू. इथला एकही कागद शेवंती नावाच्या बाईला ओळखत नाही. जुना पासपोर्ट हरवला, आणि गावच्या शाळेचं दप्तर वाळवीनं केव्हाच गिळलं.

आणि त्या समुद्राजवळच्या घरात सध्या रत्नप्रभाचा मुलगा सिद्धेश राहत होता. बायको प्रियंका आणि पाच वर्षांची मुलगी चिऊ यांच्यासकट.

"आणलेत कागद," सिद्धेश म्हणाला. "आधी हात तर धुवा, काका."

काका! रत्नप्रभाच्या कानाला तो शब्द खडा लागल्यासारखा लागला. गेल्या वर्षी तेराव्याला हाच सिद्धेश मार्तंड भावोजींशी चकार शब्द बोलला नव्हता. आज त्यांच्या हातावर पाणी घालायला स्वतः उठला.

मोरीच्या तोंडाशी उभी असलेली अक्षता खदखदत होती. तिचं तोंड आईसारखं गप्प बसणारं नव्हतंच कधी. "व्वा! काल एअरपोर्टवरून येताना रिक्षात काय म्हणत होतास रे? 'त्या म्हाताऱ्याचं तोंडसुद्धा बघायचं नाही.' आज हातावर पाणी?"

"अक्षू, मध्ये बोलू नको."

"मध्ये कुठे? मी याच घरात राहते. तुम्ही माझ्या डोक्यावरचं छप्पर वाटताय, मी मध्येच असणार ना!"

मार्तंडनी हात पुसले, ऐसपैस मांडी घातली आणि रत्नप्रभाकडे वळून बोलले. चिडले की ते सरळ मालवणीत शिरत. "वयनी, घर मी मागतंय असा म्हणा नका. माझा होता, तां परत मागतंय. लालबागची खोली खंयची? बापाशीची. बापूस गिरणीत कापूस खाऊन खोकान खोकान मेलो, तेच्या नावाची खोली. माझ्या भावान ती ईकल्यान आणि ह्यां घेतल्यान. माका काय सांगल्यान? 'मार्तंडा, तू फकस्त वेल्डिंग शिक, तुका बहारीनाक नेतंय.' मी शिकलंय. फोटोसाठी उसनो कोट घातलंय! पासपोर्ट काढलंय. तो पासपोर्ट अजून कोरो आसा. दाखवू?"

कुणीच दाखवा म्हटलं नाही. खोटं त्यात काही नव्हतं, हीच तर पंचाईत होती. मार्तंड तेव्हापासून नालासोपाऱ्यात, एका खोलीत, मुलगा कुंडलिक, सून आणि दोन नातवंडांबरोबर. रत्नप्रभानं चंद्रप्रकाशला पत्रातून कितीदा लिहिलं होतं, भावोजींचं काहीतरी बघा. तो लिहायचा, बघतो. बघता बघता फोटोत जाऊन बसला.

आणि आता नशिबानं अशी काही मेख मारून ठेवली होती की त्याच मार्तंडशिवाय कुणाचंच पान हलत नव्हतं. तिथल्या वकिलानं सांगितलेलं, की एखादं वडीलधारं माणूस, जे लग्नाला स्वतः हजर होतं, त्यानं शपथेवर लिहून द्यावं की या दोन नावांची बाई एकच. हजर माणसं कुठून आणायची? रत्नप्रभाचे दोन्ही भाऊ गेले. भटजी गेले. सासूसासरे तर कधीचेच. उरला तो एकटा धाकटा दीर. लग्नात तांदळाचं ताट त्यानंच तर धरलं होतं, ज्यात नवऱ्यानं अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहिलं.

एका सहीच्या बदल्यात एक घर. मार्तंडनी फोनवर हे महिन्याभरापूर्वीच सांगून टाकलं होतं.

"काका चुकीचं नाही बोलत, आई," सिद्धेश हळूच म्हणाला.

रत्नप्रभा परात घेऊन आत गेली.

अक्षता तिच्यामागोमाग आली आणि दार लोटून घेतलं. "आई, तू सही करायची नाहीस. शप्पथ आहे तुला माझी. अगं कुठे राहणार आपण?"

"भावोजी म्हणतात, मागच्या खोलीत राहा."

"स्वतःच्या घरात मागची खोली? आणि मी?"

"तुझं लग्न होईल म्हणतात."

"झकास! म्हणजे माझ्या लग्नावरसुद्धा यांनी खोली बांधून टाकली!" अक्षता हसली, पण डोळे भरले. अंधेरीला एका दातांच्या दवाखान्यात ती दिवसभर लोकांना 'आ करा' म्हणायची, आणि आज स्वतःचंच तोंड मिटता मिटत नव्हतं. "आणि तो दादा! सरळ म्हण ना आईला, माझं घर वाचव आणि तुझं घालव. तेवढीही हिंमत नाही."

दार ढकलून सिद्धेश आत आला. सगळं ऐकलं होतं त्यानं. एवढंसं घर ते, भिंतींनाही सगळं ऐकू जायचं.

"म्हणतो ना," तो म्हणाला. "हिंमत नाही म्हणतेस, तर हे घे, म्हणतो. आई, माझं घर वाचव." आवाज फाटला त्याचा. "मला हे मागायला बरं वाटतंय का? तू माझ्याकडे चल. तुला काय कमी करणार आहे मी?"

"कुठल्या नावानं येईल ती?" अक्षता म्हणाली. "पासपोर्ट कुठाय आईचा?"

"काढू. हे प्रतिज्ञापत्र झालं की सगळं होईल."

"काढू, बघू, होईल! अगदी बाबांसारखा बोलतोस."

सिद्धेशला ते असं काही लागलं की तो ओट्याला टेकला आणि नुसता खाली बघत राहिला. रत्नप्रभाला त्या वाकलेल्या मानेत चंद्रप्रकाश दिसला. तोही असाच उभा राहायचा, सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी. दर खेपेला.

"पण तिकडच्या कागदांतल्या त्या पासपोर्टच्या झेरॉक्सवर माझाच फोटो आहे ना रे?" तिनं विचारलं. "चेहरा बघून कळत नाही का त्यांना?"

"फोटोला नाव लागतं, आई. नुसत्या चेहऱ्याला कोण विचारतंय."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. प्रियंकाचा व्हिडिओ कॉल होता, पण पडद्यावर प्रियंका नव्हतीच, चिऊचं नाक होतं, एवढं मोठं. "आजी! आजी, एक गंमत बघ!" फोन धावायला लागला. छत, दिवा, चपला, दार. "कोणीतरी आपल्या दाराला स्टिकर लावलंय. लाल! वाकडं लावलंय, ढ आहेत ते. म्हणून मी बाजूनं माझी फुलपाखरं लावली. आता छान दिसतंय ना?"

बहारीनच्या त्या दाराच्या बाहेर लाल चौकटीचा कागद होता, वर ठसा, खाली अरबी अक्षरं. आणि त्याच्या चारी अंगांनी जांभळी, पिवळी, चमचमती फुलपाखरं.

"छान दिसतंय गं बाळा," रत्नप्रभा म्हणाली.

"आजी, तू कधी येणार? माझ्याकडे अजून फुलपाखरं आहेत."

मागून प्रियंकानं फोन घेतला. सिद्धेशकडे नुसतं बघितलं आणि कॉल बंद झाला.

अक्षता पाठमोरी झाली. नळ सोडला आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासायला लागली. बराच वेळ पाणी वाहत राहिलं. मग ती नळाशीच बोलल्यासारखी म्हणाली, "आई… तुला काय करायचं ते कर. मी शप्पथ मागे घेते."

म्हणजे आता रत्नप्रभाच्या बाजूनं कुणीच उरलं नाही. अक्षतावर रागवायलाही जागा नव्हती. त्या फुलपाखरांसमोर कोण टिकणार?

रत्नप्रभा खिडकीशी गेली. खाली सोसायटीच्या आवारात जांभळाचं झाड उभं होतं, ते तिनंच लावलेलं, इथे राहायला आले त्या वर्षी. या घरात तिनं काय नाही केलं? दोन लेकरांची आजारपणं, परीक्षा, सासूबाईंचं अंथरूण. नवरा वर्षातून महिनाभर यायचा तो पाहुणा. हे घर म्हणजेच तिचा संसार होता, म्हणा. भिंतींबरोबर केलेला.

आणि दुसरं घर? ते तिनं पाहिलंही नव्हतं. ती गेली तेव्हा चंद्रप्रकाश कंपनीच्या खोलीत राहायचा. तीन महिने. रोज संध्याकाळी समुद्रावर घेऊन जायचा. पहिल्याच दिवशी मागून जोरात हाक आली होती, "शेवंते!" ती दचकून थांबलीच. लग्नानंतर ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं. सासूबाईंचा दंडकच होता, माहेरचं नाव उंबऱ्याबाहेर ठेवायचं. चंद्रप्रकाशला शोभेल असं रत्नप्रभा त्यांनीच ठरवलं होतं. "अहो, हळू!" ती म्हणाली होती. त्यावर तो दोन्ही हात पसरून ओरडला होता, "इथे कोण आहे ऐकायला? शेवंते! शेवंते गो!" तिथले कोळी वळून बघायला लागले. ती लाजून चूर झाली, आणि आयुष्यात इतकी खूश कधीच नव्हती. तीन महिन्यांनी विमानात बसली, मुंबईत उतरली आणि परत रत्नप्रभा झाली.

म्हणून तर त्यानं त्या घरावर ते नाव लिहिलं असणार. बोलला नाही कधी. रिटायर झालो की बघू, एवढंच म्हणायचा. बघू!

ती बाहेर आली. मार्तंड पान लावत बसले होते. तिनं त्यांच्यासमोर पाट ओढला आणि बसली.

"भावोजी, मी घर लिहून देते."

सुपारी कातरता कातरता अडकित्ता थांबला.

"पण एक विचारते. त्याचं उत्तर द्या, मग लगेच सही. सिद्धेश, तू मध्ये बोलायचं नाहीस. कागद उलटा ठेव." तिनं पदर सारखा केला. "तुम्ही शपथेवर सांगणार, की तुम्ही लग्नात होतात, तुम्हाला ठाऊक आहे. तर सांगा. माझं आधीचं नाव काय?"

"होतंय म्हणजे? ताट मीच धरलेलंय!" मार्तंड उसळून म्हणाले. "माका सगळा आठवता. मांडव आंब्याखाली. फणसाची भाजी खारट झालेली. भावान अंगठी तांदळात फिरवल्यान, 'र' काढल्यान आणि 'त्न' काढताना अडलो. मी फिदीफिदी हसलंय, ताट हललां, तर आवशीन माका मांडवातच चिमटो काढल्यान!"

"ते नवं नाव. मी जुनं विचारते."

"जुनां…" मार्तंडनी डोळे मिटले. "फुलाचां होतां. फुलाचांच होतां! चाफा? नाय… अबोली?"

अडकित्ता त्यांनी खाली ठेवला.

"सुरंगी?" त्यांनी डोळे उघडून बघितलं. मग सिद्धेशकडे, मग अक्षताकडे, नापास होणारं पोर बघतं तसं. "मोगरा तर कोणाचां नाव नसता… जाई?"

अक्षताच्या तोंडून हसू फुटलं आणि तिथेच हुंदका झाला.

"तेव्हा कोण इचारी, वयनी?" मार्तंड चिडले. स्वतःवरच चिडलेले, पण आवाज दुसऱ्यावर. "तुमी आमच्या घरात इलात म्हणजे रत्नप्रभाच. तांदूळ सारखे केले, नाव झालां, जेवणां वाढली! आधी काय होतां तां आमका कित्याक व्हया?"

"बरोबर आहे," रत्नप्रभा म्हणाली.

"संपलं मग!" अक्षता उठून उभी राहिली. "यांना नाव माहीत नाही, म्हणजे यांची साक्ष खोटी. कसली सही आणि कसलं घर! आई, जिंकलीस तू!"

"तुला माहीत होतं?" रत्नप्रभानं शांतपणे विचारलं.

"काय?"

"माझं नाव. बाबा जायच्या आधी. तुला, याला, कुणाला?"

अक्षता उभीच राहिली. मग खाली बसली. "नाही गं," ती म्हणाली. "कागद आले तेव्हाच कळलं. मी तरी कधी विचारलं तुला?"

सिद्धेशनं नुसती नकाराची मान हलवली.

म्हणजे पृथ्वीच्या पाठीवर ते नाव घेणारा एकच होता, आणि आजच त्याला वडे दाखवून झाले. रत्नप्रभाला वाटलं होतं, कोणीतरी बरोबर नाव सांगेल, आणि मग घर गेलं तरी चालेल. तेवढीच तर किंमत मागितली होती तिनं. तीही यांच्याकडे सुटी निघाली नाही.

"आई," सिद्धेश म्हणाला. "परवा माझी फ्लाइट आहे. मी तिकडे जाऊन चिऊला काय सांगू?"

तो ओरडला असता, तर कदाचित ती नाही म्हणाली असती. पण त्यानं खरंच विचारलं होतं, लहानपणी विचारायचा तसं. बाबा परत कधी येणार, मी शाळेत काय सांगू.

"पेन दे," ती म्हणाली.

मार्तंडच्या कपाळाला घाम आला होता. "वयनी, मी काय राक्षस नाय. तुमका कोण भायर काढता? कुंडलिकाची पोरां तुमका आजीच म्हणतली…"

"हो भावोजी."

"शिवदास वकिलाकडे उद्या शिक्के मारू," सिद्धेश म्हणाला. "आज नुसत्या सह्या."

"हो."

तिनं बक्षीसपत्रावर सही केली. रत्नप्रभा चंद्रप्रकाश सावंत. या सहीला कुणाची साक्ष लागत नव्हती. ती वळणदार होती, सराईत, तांदळात शिकलेली. 'त्न' काढताना तिचा हात कधीच अडला नव्हता.

मग ती उठली आणि चहा टाकायला आत गेली. काय करणार? बाहेर माणसं बसली होती आणि चहाची वेळ झाली होती. तिनं पातेल्यात पाणी घातलं. साखरेचा डबा कुठे, चहाचा कुठे, ते तिला डोळे मिटूनही कळायचं. उद्यापासून ते दुसऱ्याचे डबे. कुंडलिकची बायको ते कुठे हलवील कोण जाणे.

बाहेर मार्तंडनी चष्मा लावला होता. आता त्यांच्या सहीची पाळी. सिद्धेशनं कागद सुलटा करून पुढे ठेवला, आणि ते प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागले, सातवीपर्यंतच्या शाळेत शिकवलं होतं तसं. "मी, मार्तंड… शपथेवर कथन करतो की… सदर रत्नप्रभा, यांचे… विवाहापूर्वीचे नाव…"

बोट थांबलं. चष्मा वर झाला. आणि मग हरवलेलं काहीतरी एकदम सापडावं तसे ते मोठ्यानं म्हणाले,

"शेवंती!"

"ओ!" आतून आवाज आला.

तो आवाज या घरात कधी कुणी ऐकलेला नव्हता. कोवळा, घाईचा, अंगणातून धावत येणाऱ्या मुलीचा. पाठोपाठ हातातला चमचा तसाच धरून ती दारात आली, बघत बघत, कुणी बोलावलं म्हणून.

"काय नाय, वयनी," मार्तंड म्हणाले आणि मान खाली घातली. "नुसतां वाची होतंय."